संकर, सुधारित, गावठी : बियाण्यांच्या परिभाषेतील काही गोंधळ

पिके आणि बियाणी यांच्यासंबंधी रोजच्या व्यवहारात वापरले जाणारे काही शब्द सर्वांच्या इतके परिचयाचे असतात की, त्यांच्या अर्थाची चौकशी करण्याची गरज कोणास भासत नाही. ‘हायब्रीड’, ‘सुधारित’, ‘गावठी’, ‘शुद्ध’, ‘कलमी’ हे असे शब्द होत. आनुवंशिकी व वनस्पतिप्रजनन या शास्त्रांतही ते येतात. परंतु तेथे त्यांना ठरीव अर्थ असतात आणि बाजारातील अर्थाशी ते पुष्कळदा जुळत नाहीत. हा केवळ शब्दांचा वाद असता, तर तो भाषापंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु घरचे बी पुढील हंगामात पेरावे की नाही, दुकानातील पिशवीला किती पैसे मोजावेत, एखाद्या नव्या वाणाला विरोध करावा की त्याचे स्वागत करावे, हे निर्णय याच शब्दांच्या आधारे घेतले जातात. शब्द चुकला की निर्णय चुकतो, आणि शेतीत निर्णय चुकला की वर्ष वाया जाते.

या गोंधळाचे एक चांगले उदाहरण बेंगळुरू शहरात मिळते. राजाजीनगर ही तेथील वसती १९४० च्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक उपनगर म्हणून आकारास येऊ लागली आणि तिला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. आता ती शहराच्या ऐन वस्तीत आली आहे. शहरातील इतर भागांप्रमाणे येथील भाजीबाजारातही टोमॅटो दोन नावांनी विकले जातात : ‘नाटी’ आणि ‘हायब्रीड’. नाटी टोमॅटो चपटगोल, पातळ सालीचा, रसाळ आणि आंबट असतो. साराला तोच हवा, असा गृहिणींचा आग्रह असतो. हायब्रीड टोमॅटो लांबट, घट्ट, गराने भरलेला आणि अधिक दिवस टिकणारा असतो. कन्नड भाषेत रोपांच्या लावणीलाही ‘नाटी’ म्हणतात. परंतु भाजीच्या किंवा कोंबडीच्या संदर्भात त्या शब्दाचा अर्थ आपल्या ‘गावठी’ किंवा ‘गावरान’ या शब्दासारखा होतो.

स्वयंपाकापुरती ही विभागणी निर्दोष आहे. अडचण उद्भवते ती तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानांमुळे. नाटी टोमॅटो मूळचा येथलाच, त्याचा संकर कधी झालेला नाही, हायब्रीड टोमॅटोच्या जनुकांत प्रयोगशाळेत ढवळाढवळ केलेली असते, अशा समजुती सर्रास आढळतात. यांपैकी एकही अनुमान त्या दोन नावांवरून निघत नाही. टोमॅटो ही वनस्पतीच मुळी दक्षिण अमेरिकेतील. युरोपीय दर्यावर्द्यांच्या मार्फत ती भारतात आली. चपटगोल व आंबट फळांचे संकर वाणही तयार करता येतात आणि केले जातात. उलटपक्षी, घट्ट फळे देणारे सगळेच वाण संकर नसतात. ढिगावरील नाव फळाचा घाट व चव सांगते, ते झाड कसे जन्मले हे सांगत नाही.

दिसणे आणि असणे

या भेदाला शास्त्रात दोन स्वतंत्र नावे आहेत. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ साली ‘जीन’ म्हणजे जनुक हा शब्द प्रथम वापरला आणि त्याबरोबरच ‘जीनोटाइप’ व ‘फिनोटाइप’ ही जोडीही रूढ केली. मराठीत त्यांना जनुकरूप आणि दृश्यरूप म्हणता येईल. झाडाची उंची, फळाचा रंग, दाण्याचे वजन, रोगाला तोंड देण्याची ताकद हे सर्व दृश्यरूप होय. त्यामागे असलेला जनुकांचा संच म्हणजे जनुकरूप. दृश्यरूप हे जनुकरूप आणि परिस्थिती या दोहोंच्या मेळातून घडते. म्हणून एकाच जनुकरूपाची दोन झाडे, एक काळ्या कसदार जमिनीत व दुसरे मुरमाड माळावर वाढलेले, निरनिराळी दिसतात. तर भिन्न जनुकरूपांची दोन झाडे कधी कधी अगदी सारखी दिसतात.

योहानसेन यांनी घेवड्याच्या दाण्यांवर केलेले प्रयोग १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले की, एकाच झाडापासून स्वपरागणाने उतरलेल्या वंशात मोठे दाणे निवडून पेरले काय किंवा लहान निवडून पेरले काय, पुढील पिढीतील दाण्यांचे सरासरी वजन सारखेच भरते. अशा वंशाला त्यांनी ‘शुद्ध वंशरेषा’ म्हटले. तिच्यातील दाण्यांचा लहानमोठेपणा परिस्थितीमुळे आलेला असतो. तो वारसाने पुढे जात नाही. मात्र अनेक वंशरेषांची सरमिसळ असलेल्या बियाण्यातून निवड केली, तर तिचे फळ मिळते. ‘चांगले कणीस बियाण्याला ठेवावे’ हा शेतकऱ्याचा जुना नियम कोठे उपयोगी पडतो आणि कोठे व्यर्थ जातो, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

संकरण आणि संकर वाण

मराठीत ‘संकर’ हा शब्द निदान दोन अर्थांनी वापरला जातो. दोन भिन्न झाडांचे मीलन घडवून आणण्याची क्रिया हा एक अर्थ. त्या क्रियेपासून मिळालेल्या पहिल्याच पिढीचे बियाणे शेतकऱ्यास विकणे, हा दुसरा. पहिल्या अर्थासाठी ‘संकरण’ आणि दुसऱ्यासाठी ‘संकर वाण’ असे शब्द वेगळे ठेवले, तर अर्धा गोंधळ जागच्या जागी मिटतो. पिशवीवर ‘एफ-१’ असे छापलेले असते त्याचा अर्थ हाच : आत पहिल्या पिढीचे बी आहे.

भाजीपाल्याच्या संकर वाणांच्या इतिहासात बेंगळुरूला विशेष स्थान आहे. मनमोहन अत्तावर यांनी १९६५ साली या शहरात इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स ही संस्था स्थापन केली आणि १९७३ साली तिने ‘कर्नाटक’ नावाचा टोमॅटोचा व ‘भारत’ नावाचा ढोबळ्या मिरचीचा संकर वाण बाजारात आणला. शहराच्या वायव्येस हेसरघट्टा येथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. तिची स्थापना १९६७ सालची. तिच्या वाणांच्या नावापुढे ‘अर्का’ हे उपपद असते. ते जवळच्या अर्कावती नदीवरून घेतलेले आहे. परंतु ‘अर्का’ या उपपदावरून वाणाचा प्रकार कळत नाही. ‘अर्का विकास’ हा टोमॅटो ‘टिप-टॉप’ नावाच्या अमेरिकन वाणातून निवडलेला शुद्ध वंशरेषेचा वाण आहे. ‘अर्का रक्षक’ हा मात्र पाने मुरडणारा विषाणुरोग, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकार करणारा संकर वाण आहे. आडनाव एकच, पण एकाचे बी घरी धरता येते आणि दुसऱ्याचे धरल्यास पुढील पिढीत गुण विखुरतात.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी संकर बियाण्याची निर्मिती पाहिली पाहिजे. टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर एकत्र असतात आणि फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून मादी ठरविलेल्या झाडाच्या कळ्या उमलण्यापूर्वीच त्यांतील परागकोश चिमट्याने काढून टाकतात आणि कुक्षीवर नर ठरविलेल्या झाडाचे पराग लावतात. हे काम हातांनी, फुलामागून फूल घेऊन करावे लागते. कर्नाटकातील राणेबेन्नूर आणि महाराष्ट्रातील देऊळगाव राजा या परिसरांत अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह अशा बीजोत्पादनावर चालतो. एका फळात पुष्कळ बिया मिळतात, म्हणूनच ही मेहनत परवडते. संकर बियाणे महाग का असते, याचेही उत्तर येथेच मिळते.

दोन शुद्ध वंशरेषांच्या या संततीतील सर्व झाडे एकमेकांसारखी असतात आणि बऱ्याच वेळा दोन्ही जनकांहून जोमदार असतात. या जोमाला ‘हेटरोसिस’ हे नाव जॉर्ज शल यांनी १९१४ साली दिले. मराठीत त्याला संकर-ओज म्हणतात. परंतु ही एकरूपता एका पिढीचीच असते. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगात गोल व सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. दुसऱ्या पिढीत मात्र ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या मिळाल्या, म्हणजे सुमारे तीनास एक. जो गुण नाहीसा झाला असे वाटले, तो केवळ झाकला गेला होता.

बाजारातून आणलेला हायब्रीड टोमॅटो कापून त्यातील बिया गच्चीवरील कुंडीत पेरणाऱ्याने हीच गोष्ट ध्यानात घ्यावी. फळाचा गर पहिल्या पिढीच्या झाडाचा असतो, परंतु आतील बी दुसऱ्या पिढीचे असते. समजा, एखाद्या संकर वाणाचा तीन रोगांचा प्रतिकार तीन निरनिराळ्या प्रभावी जनुकांवर अवलंबून आहे, प्रत्येक जनुक एकाच जनकाकडून आलेले आहे आणि ती स्वतंत्रपणे पुढे जातात. तर त्याच्या बियांपासून वाढलेल्या दर ६४ झाडांपैकी सरासरी २७ झाडांतच तिन्ही प्रतिकार एकत्र आढळतील. उरलेली ३७ एका तरी रोगाला बळी पडू शकतील. ज्यांचे जनुकरूप या तीन जनुकांपुरते मूळ संकरासारखे आहे, अशी झाडे तर ६४ पैकी ८ च असतील. प्रत्यक्षात झाडांत तीनच नव्हे, तर शेकडो जनुकांचा फरक असतो. झाडे उगवतात, फळेही धरतात. ‘हायब्रीडचे बी वांझ असते’ ही समजूत म्हणूनच खोटी आहे. बी वांझ नसते, ते एकसारखे नसते.

येथे ‘प्रभावी’ या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. प्रभावी जनुक म्हणजे चांगले, बलवान किंवा अधिक प्रमाणात आढळणारे जनुक नव्हे. जोडीतील दुसरे जनुक निराळे असूनही ज्याचा परिणाम दिसतो ते प्रभावी, एवढाच त्याचा अर्थ. रोगाला बळी पडण्याचा गुणही प्रभावी असू शकतो.

संकरातून जन्मलेला सरळ वाण

संकरण झाले की संकर वाणच निपजतो, ही यापुढची चूक. ज्या दक्षिण कर्नाटकाचे नाचणी हे मुख्य अन्न, तेथेच तिचे उत्तर मिळते. मंड्या येथील विश्वेश्वरय्या कालवा प्रक्षेत्रावर लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचे संकरण करून ‘इंडाफ’ मालिकेतील वाण तयार केले. इंडिया आणि आफ्रिका या दोन नावांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले आहे. वाणांचे जनक दोन खंडांतील असूनही इंडाफ वाण हे संकर वाण नव्हेत. नाचणीचे फूल अतिशय बारीक असते, ते स्वपरागणाने फळते आणि एका फुलातून एकच दाणा मिळतो. प्रत्येक दाण्यासाठी हाताने परागण करून शेतकऱ्यास पुरेल इतके संकर बियाणे तयार करणे व्यवहारात शक्य नाही. तेथे संकरण ही केवळ पहिली पायरी असते. पुढे पिढ्यान्पिढ्या स्वपरागण होऊ देऊन इष्ट झाडे निवडली जातात.

या काळात जे घडते त्याचे गणित सोपे आहे. भिन्न जनुकांच्या जोड्या असलेल्या स्थितीला विषमयुग्मजी आणि समान जोड्या असलेल्या स्थितीला समयुग्मजी म्हणतात. स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत विषमयुग्मजी जोड्यांचे प्रमाण निम्मे होते : १०० वरून ५०, मग २५, १२.५, ६.२५, ३.१ आणि सहाव्या स्वपरागणानंतर सुमारे १.६ टक्के. तेव्हा वंश जवळजवळ स्थिर झालेला असतो. अशा वाणाला कृषिविस्ताराच्या मराठीत ‘सरळ वाण’ म्हणतात, आणि त्याचे बी भेसळ होऊ न देता राखल्यास शेतकरी ते वर्षानुवर्षे पेरू शकतो.

‘सुधारित’ हा शब्द या सर्वांहून निराळा आहे. तो वाण कसा तयार झाला हे सांगत नाही. पूर्वीच्या वाणापेक्षा तो काही बाबतींत सरस ठरला, एवढेच सांगतो. सुधारणा संकरणाशिवाय, नुसत्या निवडीनेही होते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण त्याचा दाखला होय. रब्बीतील भाकरीसाठी तो आजही पेरला जातो. उलटपक्षी, १९६४ साली आलेला ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा खरा संकर वाण. अशा ज्वारीबरोबर ‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला आणि लवकरच ‘दिसायला भरघोस, पण चवीला फिका’ असा त्याचा लाक्षणिक अर्थही रूढ झाला. लाक्षणिक अर्थ म्हणून तो चालेल. शास्त्रीय व्याख्या म्हणून नव्हे. चव संकराने बिघडतेच असे नाही. प्रजननकाराने कोणत्या गुणांसाठी निवड केली, यावर ती अवलंबून असते.

निवडीचा सर्वांत बोलका दाखला चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे ठेवले आणि पुढील हंगामांत ते वाढवीत नेले. त्यातून बारीक दाण्याचा जो भात मिळाला, तो त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, ती घड्याळे बनविणारा कारखाना बेंगळुरूतील जालहळ्ळीचा. खोब्रागडे २०१८ साली निवर्तले. त्यांच्या भाताला कोणी ‘हायब्रीड’ म्हणतात, कोणी ‘देशी’; काटेकोरपणे पाहता तो शेतकऱ्याने निवडीने मिळविलेला सरळ वाण आहे. हे नाव अचूक वापरण्यात त्यांचे श्रेयही सुरक्षित राहते. कारण ‘देशी’ म्हटले की वाण आपोआप झाला असे वाटते, आणि ‘हायब्रीड’ म्हटले की तो एखाद्या कंपनीचा वाटतो.

कलमाचा अपवाद

संकराचे गुण पुढील पिढीत विखुरतात हा नियम बियांपासून होणाऱ्या वाढीचा आहे, हे विसरता कामा नये. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने १९८१ साली प्रसृत केलेला ‘रत्ना’ हा आंबा नीलम आणि हापूस यांचा पहिल्या पिढीचा संकर आहे. तरीही त्याची झाडे वर्षानुवर्षे तशीच निपजत आहेत. कारण ती कोयीपासून नव्हे, कलमापासून वाढविली जातात. कलमात नवी पिढी जन्मतच नाही. एकाच झाडाचा देह पुढे चालू राहतो. ‘कलमी’ आणि ‘संकरित’ हे शब्द त्यामुळे परस्परांचे पर्याय ठरत नाहीत. मर रोग टाळण्यासाठी टोमॅटोचे रोप वांग्याच्या खुंटावर बांधतात, तेव्हाही टोमॅटो आणि वांगे यांचा संकर होत नाही. खालची मुळे वांग्याची राहतात आणि वरच्या फळातील बी टोमॅटोचेच असते.

‘शुद्ध’ म्हणजे काय?

बियाण्याच्या पिशवीवरील ‘शुद्धता’ हा आणखी एक फसवा शब्द. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ९८ टक्के शुद्ध बी आणि किमान ७० टक्के उगवण असे प्रमाण ठरविलेले आहे. येथे शुद्ध बी म्हणजे माती, काडीकचरा आणि इतर बियांपासून मुक्त बी. ही भौतिक शुद्धता होय. पिशवीतील बी खरोखर त्याच वाणाचे आहे की नाही, ही आनुवंशिक शुद्धता वेगळी. ती झाडे वाढवून किंवा प्रयोगशाळेत तपासावी लागते. आणि ‘शुद्ध वंशरेषा’ ही तिसरी गोष्ट. संकर वाणाचे बियाणे पहिल्या दोन अर्थांनी पूर्ण शुद्ध असूनही तिसऱ्या अर्थाने शुद्ध नसते. किंबहुना ते तसे नसण्यातच त्याचे सामर्थ्य असते. ९८ टक्के हा आकडा पाहून ‘याचे बी पुढच्या वर्षीही चालेल’ असा निष्कर्ष काढणारा शेतकरी फसतो, तो येथे.

पिशवीवरील टॅगचा रंगही काही सांगतो. पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा आणि सत्यप्रत बियाण्याचा हिरवा असतो. प्रमाणित बियाण्याची तपासणी प्रमाणीकरण यंत्रणा करते. सत्यप्रत बियाण्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो. हे रंग बियाण्याच्या वर्धनाची पायरी आणि त्याची जबाबदारी कोणाची हे दर्शवितात. वाण सरळ की संकर, हे त्यांवरून ठरत नाही.

जनुकपरिवर्तन : पद्धत वेगळी, प्रश्न वेगळा

सर्वांत मोठा गोंधळ ‘हायब्रीड’ आणि ‘जीएम’ यांच्यात होतो. संकरणात परागामार्फत दोन जनकांची सबंध जनुकसंपदा एकत्र येते. जनुकपरिवर्तनात एखादे निवडक जनुक, बहुधा दुसऱ्याच सजीवातील, प्रयोगशाळेतील तंत्राने पिकात घातले जाते. बीटी कापसात मातीतील एका जिवाणूचे जनुक असून त्यामुळे तयार होणारे प्रथिन बोंडअळीला विषारी ठरते. भारतात बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी मान्यता मिळाली. शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी लागवडीसाठी मान्यतेने पोचलेले जनुकपरिवर्तित पीक भारतात आजवर हे एकच होय. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. राजाजीनगरच्या बाजारातील हायब्रीड टोमॅटोला ‘जीएम’ म्हणणे म्हणूनच निराधार आहे.

विदर्भ–मराठवाड्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा असा : ‘बीटीमुळे कापसाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते’ असे म्हटले जाते. यात दोन भिन्न कारणे एकत्र झाली आहेत. कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकर वाण ‘संकर-४’ सी. टी. पटेल यांनी सुरत येथे १९७० साली दिला. दोन निरनिराळ्या जातींच्या संकरातून झालेला ‘वरलक्ष्मी’ धारवाडच्या बी. एच. कातरकी यांनी १९७२ साली दिला. म्हणजे संकर कापसाचे बी दरवर्षी घेण्याची प्रथा बीटीच्या बत्तीस वर्षे आधीची. भारतात बीटी जनुक मुख्यतः संकर वाणांतूनच विकले गेले, म्हणून दोन्ही गोष्टी एकरूप भासतात. तेच जनुक सरळ वाणात असते, तर बी धरून पेरल्यावरही ते टिकले असते. बियाण्याच्या खर्चाविषयीची तक्रार रास्त असू शकते. परंतु ती जनुकाविरुद्ध आहे की संकर पद्धतीविरुद्ध, हे ठरविल्याशिवाय उपाय सापडत नाही.

याच वर्गात आणखी दोन शब्द येतात. किरणोत्साराने किंवा रसायनाने वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकांत आकस्मिक बदल घडवून त्यांतून निवड करणे म्हणजे उत्परिवर्तन-प्रजनन. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने क्ष-किरणांच्या साहाय्याने भुईमुगाचा ‘टीजी-१’ हा टपोऱ्या दाण्यांचा वाण मिळविला. असे दाणे किरणोत्सारी नसतात. जनुकसंपादन ही अलीकडची पद्धत. तीत वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी बदल केला जातो. ‘डीआरआर धान १०० (कमला)’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे अशा पद्धतीचे दोन भात मे २०२५ मध्ये भारतात जाहीर झाले. या पद्धतींपैकी प्रत्येकीचे गुणदोष स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. सर्वांना एकच नाव दिल्याने ती तपासणीच टळते.

जाती, प्रजाती, वाण

शेवटी वर्गीकरणाचे शब्द. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ हा मोठा गट आणि ‘जाती’ हा त्यातील लहान गट. वृत्तपत्रांत मात्र हिंदीच्या वळणाने लहान गटालाही ‘प्रजाती’ म्हणतात, आणि शेतकरी ‘जात’ म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा वाण अभिप्रेत असतो. टोमॅटोचे शास्त्रीय नाव सोलॅनम लायकोपर्सिकम, वांग्याचे सोलॅनम मेलोंजेना, बटाट्याचे सोलॅनम ट्युबरोसम. प्रजाती एक, जाती तीन. ‘अर्का विकास’ आणि ‘अर्का रक्षक’ हे मात्र एकाच जातीतील दोन वाण. वाण हा माणसाने राखलेला गट असतो. जाती निसर्गात घडते. ‘टोमॅटोच्या शेकडो प्रजाती’ असे लिहिणारा शेकडो वाणांविषयी लिहीत असतो, आणि ‘एक प्रजाती नष्ट झाली’ ही बातमी जातीविषयीची की वाणाविषयीची, हे वाचकास कळत नाही. दोन्ही हानी खऱ्या आहेत. परंतु त्या एका मापाच्या नव्हेत.

तीन प्रश्न

वरील सर्व शब्दांचा विचार केला असता असे दिसेल की, ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला जोडल्याने घोटाळा होतो. म्हणून कोणत्याही बियाण्याविषयी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला : हा वाण कसा मिळाला — निवडीने, संकरणाने, उत्परिवर्तनाने, की जनुकपरिवर्तनाने? दुसरा : त्याचे बी पेरले तर संतती तशीच निघेल काय? तिसरा : त्याच्या शुद्धतेची व उगवणीची हमी कोण देत आहे? ‘गावठी’ या शब्दात यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ‘सुधारित’ या शब्दातही नाही. ‘संकर वाण’ हा शब्द अचूक वापरला, तर पहिल्या दोहोंची उत्तरे मात्र मिळतात.

दुसऱ्या प्रश्नाचा संबंध शेतकऱ्याच्या हक्कांशीही आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मर्यादा एवढीच की, ते नाममुद्रेसह विकता येत नाही. हा हक्क सरळ वाणाला लागू आहे तसाच संकर वाणालाही आहे. परंतु कायदा बी ठेवण्याचा अधिकार देऊ शकतो, ते बी मूळ वाणासारखेच निघेल असे वचन देऊ शकत नाही. सरळ वाणाच्या बाबतीत तो हक्क शेतकऱ्याच्या हाती पुढील वर्षीचे पीक ठेवतो. संकर वाणाच्या बाबतीत तो केवळ कागदावर उरण्याचा संभव असतो. ज्या प्रदेशात सरळ वाण उपलब्धच राहत नाहीत, तेथे शेतकऱ्याचा हक्क कोणी न हिरावताही निरुपयोगी होतो.

यास्तव बी विकत घेताना ‘हे हायब्रीड आहे काय?’ एवढे विचारून थांबू नये. ‘याचे बी धरले तर पुढल्या वर्षी असेच पीक येईल काय?’ असे विचारावे. हा प्रश्न राजाजीनगरातील गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्यालाही विचारता येईल आणि नागभीडच्या भातशेतकऱ्यालाही. त्याला परिभाषेची गरज नाही. परंतु त्याचे उत्तर देणाऱ्याला ती असावी लागते.